पूर्वग्रह आणि वंशवाद : शिकागोच्या दोन साहित्यकृतींच्या निमित्ताने

काही संज्ञांचे भाषांतर करावयास घेतले की त्यांच्या पोटातील प्रश्न आपोआप बाहेर पडतो. इंग्रजीतील ‘रेसिझम’ ही त्यांपैकी एक होय. मराठीत तिच्यासाठी निदान तीन शब्द रूढ आहेत : वंशवाद, वर्णद्वेष आणि वर्णभेद. वृत्तपत्रांतून ते बहुधा एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांचा अर्थ एक नाही. ‘वंशवाद’ हे एका मताचे नाव आहे, ‘वर्णद्वेष’ हे एका भावनेचे आणि ‘वर्णभेद’ हे एका व्यवहाराचे. इतर भारतीय भाषांतही हीच ओढाताण दिसते. हिंदीत ‘नस्लवाद’ आणि ‘रंगभेद’ अशी जोडी आहे. बंगालीत ‘वर्णवाद’ चालतो. मलयाळममधील ‘वर्णविवेचनम्’ हा शब्द भेद करण्याच्या कृतीवर बोट ठेवतो. तर तमिळमधील ‘निऱवेऱि’ म्हणजे शब्दशः रंगाचा उन्माद. अमेरिकन कृष्णवर्णीय साहित्य भारतीय विद्यार्थ्यांपुढे ठेवताना प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा, की वर्गातील चर्चा जवळजवळ नेहमी ‘ह्या कथेत द्वेष कोण करतो?’ ह्या प्रश्नापासून सुरू होते. द्वेष करणारे पात्र सापडले की विद्यार्थ्यांना विषय संपला असे वाटते; न सापडले तर ते गोंधळतात. मराठी विद्यार्थ्याची आणखी एक अडचण आहे. ‘वर्ण’ म्हणजे रंगही आणि चातुर्वर्ण्यातील वर्णही. त्यामुळे अमेरिकेविषयीचे वाक्य वाचता वाचता त्याचे मन नकळत स्वदेशी परत येते. ते परत येऊ नये असे नाही. पण कोणत्या वाटेने आले हे त्याला कळावयास हवे.

‘पूर्वग्रह’ हा शब्द त्या मानाने सरळ आहे. आधीच करून घेतलेले ग्रहण, असा त्याचा अर्थ. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या मूळ शब्दाचा अर्थही चौकशीपूर्वीच झालेला निवाडा असाच आहे. दोहोंतही एक निवाडा करणारा माणूस गृहीत धरलेला आहे. पूर्वग्रह कोणाचा, हे विचारता येते; आणि तो त्याच्या मनात असतो, हे सांगता येते. मराठीत आपण ‘पूर्वग्रहदूषित’ म्हणतो तेव्हा तर तो मनाला लागलेला एक दोष ठरतो, म्हणजे प्रयत्नाने दूर करता येण्यासारखा. गॉर्डन ऑलपोर्ट ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पूर्वग्रहाचे जे विवेचन केले, त्याचा गाभाही हाच आहे : चुकीच्या आणि हट्टाने धरून ठेवलेल्या सामान्यीकरणावर उभी राहिलेली अप्रीती.

वंशवाद म्हणजे हीच अप्रीती अनेकांच्या मनात एकाच वेळी असणे, असे समजण्याचा मोह होतो. बेरीज केली की झाले. पण ही बेरीज जमत नाही. ती जमत नाही हे ऑलपोर्टच्या ग्रंथापूर्वी वीस वर्षे एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते. रिचर्ड लापिएर ह्याने १९३० नंतरच्या दोन वर्षांत एका तरुण चिनी दांपत्यासह अमेरिकेतून मोटारीने दीर्घ प्रवास केला. चिनी लोकांविषयी तेथे तेव्हा उघड तिरस्कार होता. तरीही उपाहारगृहे आणि निवासगृहे मिळून २५१ ठिकाणी ते गेले आणि केवळ एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी लापिएरने त्याच ठिकाणी पत्रे धाडून, आपण चिनी गिऱ्हाइकांना प्रवेश द्याल काय, असे विचारले. १२८ उत्तरे आली. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक नकाराची होती. मनातील मत आणि दारातील वागणूक ह्यांत एवढे अंतर पडू शकते. सामान्यतः ह्या प्रयोगातून, माणसे बोलतात त्यापेक्षा बरी वागतात, असा दिलासा काढला जातो. मला त्याची उलट बाजू अधिक महत्त्वाची वाटते. मन वाईट असूनही वागणूक बरी असू शकते, तर मन चांगले असूनही वागणूक घातक असणे तितकेच शक्य आहे. भेद टिकून राहावयास मनाची साथ लागतेच असे नाही.

हा भेद सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडला तो स्टोकली कार्मायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन ह्यांनी, १९६७ साली. अलाबामातील बर्मिंगहॅम येथे सप्टेंबर १९६३ मध्ये गोऱ्या अतिरेक्यांनी एका चर्चमध्ये बाँब ठेवला आणि चार कृष्णवर्णीय मुली मेल्या. ह्या कृत्याचा देशभर धिक्कार झाला. त्याच शहरात पुरेसे अन्न, निवारा आणि वैद्यकीय मदत ह्यांच्या अभावी दरवर्षी शेकडो कृष्णवर्णीय अर्भके मरत होती, त्यांचा मात्र कोणी धिक्कार केला नाही. कारण त्यांच्या मृत्यूमागे बाँब ठेवणारा हात दाखविता येत नव्हता. ह्या दुसऱ्या प्रकाराला त्यांनी संस्थात्मक वंशवाद असे नाव दिले. पूर्वग्रहाचे निवासस्थान मन. वंशवादाचे निवासस्थान कायदा, करार, नकाशा, दरपत्रक, भरतीचा नियम. पूर्वग्रहाने ह्या गोष्टी एके काळी घडविल्या असतील. पण एकदा घडल्या की त्या चालविण्यास पूर्वग्रहाची गरज उरत नाही. नियमाप्रमाणे काम करणारा सौजन्यशील कारकून पुरतो.

येथे साहित्याच्या अभ्यासकाची खरी अडचण सुरू होते. कादंबरी हा मनाचा प्रकार आहे. पात्रांचे हेतू, त्यांची भीती, त्यांचा पश्चात्ताप, हे तिचे द्रव्य. दरपत्रकाला अंतर्मन नसते. म्हणून वंशवाद कादंबरीत आला की तो पूर्वग्रहाचे रूप घेऊ पाहतो : एक क्रूर पात्र, एक सहृदय पात्र आणि शेवटी जमल्यास हृदयपरिवर्तन. हॅरिएट बीचर स्टोवच्या १८५२ सालच्या ‘अंकल टॉम्स केबिन’चे वाचकांनी काय केले ते पाहावे. लोकांच्या स्मरणात राहिला तो सायमन लेग्री, चाबूक हाती घेतलेला नराधम. परंतु कादंबरी सुरू होते ती शेल्बी ह्या मालकापासून. शेल्बी दयाळू आहे, टॉमवर त्याचा विश्वास आहे, त्याची पत्नी धर्मशील आहे. त्याला कर्ज झालेले असते आणि कर्जाच्या हिशेबात टॉम ही विकता येण्याजोगी मालमत्ता असते, म्हणून तो टॉमला विकतो. टॉमच्या नाशाची सुरुवात लेग्रीच्या द्वेषाने होत नाही, शेल्बीच्या कर्जाने होते. दयाळू मालकाच्या घरीही गुलाम सुरक्षित नाही, कारण मालमत्तेचा कायदा मालकाचा स्वभाव विचारीत नाही, हे स्टोवला नेमके कळले होते. जेम्स बाल्डविनने १९४९ साली ह्या कादंबरीच्या भावविवशतेवर कठोर टीका केली आणि ती बव्हंशी रास्त आहे. पण त्या टीकेचा धाक घेऊन पहिली प्रकरणे न वाचता पुस्तक बाजूस ठेवणे, असे जे आज विद्यापीठांत होते, ते मला पटत नाही.

विसाव्या शतकात ही अडचण सर्वांत नेटाने हाताळणाऱ्या दोन कृती एकाच शहराच्या आहेत, आणि दोहोंचा विषय घर हा आहे, हा योगायोग नव्हे. शिकागोत दक्षिणेकडून येणाऱ्या कृष्णवर्णीयांना शहराच्या दक्षिण भागातील एका चिंचोळ्या पट्ट्यातच राहावे लागे. ह्यासाठी राज्याने कायदा केलेला नव्हता; कायदा नव्हताच, हेच तर त्या व्यवस्थेचे वैशिष्ट्य. घरमालक आपसांत निर्बंध-करार करीत : अमुक वर्षे आपल्या घराची विक्री किंवा भाडेपट्टी कृष्णवर्णीयांना करावयाची नाही. हा निर्बंध करारात सामील झालेल्या प्रत्येक घराला चिकटे. पुढचा खरेदीदार मनाने कितीही उदार असो, घराबरोबर निर्बंधही त्याच्या पदरात पडे. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जांना हमी देताना आपल्या मार्गदर्शिकेतून अशा निर्बंधांची शिफारस केली. त्याच दशकात दुसऱ्या एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले; त्यांत वस्त्यांची प्रतवारी हिरव्या, निळ्या, पिवळ्या आणि तांबड्या रंगांनी दाखविली होती. कृष्णवर्णीय वस्ती बहुधा तांबड्या रंगात येई. तांबड्या भागात कर्ज देणे जोखमीचे, असा त्याचा अर्थ. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून घराची किंमत नाही, किंमत नाही म्हणून पुन्हा तांबडा रंग. ह्या साखळीत द्वेषाला कोठे स्थान आहे ते शोधावे लागते. बँकेतील अधिकारी जोखीम मोजीत होता.

रिचर्ड राइट १९२७ साली शिकागोत आला. त्याची ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी १९४० ची. तिचा नायक बिगर टॉमस आई, भाऊ आणि बहिणीसह एका खोलीत राहतो. पहिल्याच प्रसंगात तो त्या खोलीत एक भला मोठा उंदीर मारतो. पुढे तो डाल्टन नावाच्या धनिकाकडे मोटारचालक म्हणून लागतो. डाल्टन हा कृष्णवर्णीयांचा हितकर्ता म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांच्या शिक्षणासाठी त्याने मोठ्या देणग्या दिल्या आहेत, त्यांच्या मुलांच्या क्लबला टेबलटेनिसची टेबले पाठविली आहेत. त्याची पत्नी अंध आहे, आणि तीही तितकीच कनवाळू. डाल्टनच्या मनात पूर्वग्रह आहे असे म्हणण्यास कादंबरीत फारसा आधार नाही. भयाच्या भरात बिगरच्या हातून डाल्टनच्या मुलीचा मृत्यू होतो आणि प्रकरण कॉरोनरसमोर चौकशीला येते. तेथे बिगरचा वकील मॅक्स डाल्टनला काही साधे प्रश्न विचारतो. बिगर ज्या इमारतीत राहतो ती कोणाची? ती ज्या कंपनीची आहे, तिच्यावर ताबा असलेल्या कंपनीचे बहुसंख्य भाग कोणाचे? त्या खोलीचे भाडे आठवड्याला आठ डॉलर कसे? गोऱ्यांच्या वस्तीत तुमची घरे आहेत, ती तुम्ही कृष्णवर्णीयांना देता काय? तुम्ही ज्यांना शिकविले त्यांतील कोणाला तुमच्या कचेरीत कधी नोकरी दिली काय? डाल्टनच्या उत्तरांत कोठेही कडवटपणा नाही. तशी रूढी आहे, भाडे मागणीवर ठरते, आणि ते लोक एकत्र राहण्यातच सुखी असतात, असे त्याचे म्हणणे. मुलगी गमावलेला हा बाप त्या क्षणी आपल्या सहानुभूतीचाही धनी असतो. राइटने ती सहानुभूती काढून घेतलेली नाही. आठ डॉलरांचा आकडा मात्र तसाच राहतो.

कलेच्या दृष्टीने ह्या भागावर आक्षेप घेतले गेले आहेत. मॅक्सचे न्यायालयातील भाषण लांबते, कादंबरी तेथे पत्रक होते, असे समीक्षक म्हणत आले आहेत. भाषणाविषयी ते बरोबर आहेत. पण भाषण आणि चौकशी ह्यांत फरक केला पाहिजे. चौकशीची प्रश्नोत्तरे ही राइटने शोधून काढलेली युक्ती आहे. पात्राच्या मनात जे नाही ते त्याच्या व्यवहारातून वदवून घ्यावयाचे तर न्यायालयासारखी दुसरी जागा कोणती? तेथे ‘तुला काय वाटते’ हे न विचारता ‘तू किती भाडे घेतोस’ हे विचारता येते.

दुसरी कृती लोरेन हॅन्सबरीचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक. मार्च १९५९ मध्ये ते ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय लेखिकेचे तेथे पोहोचलेले ते पहिले नाटक. यंगर कुटुंब विम्याच्या पैशातून एक घर घेते. ते गोऱ्यांच्या वस्तीत घेते, त्याचे कारण बंडखोरी नव्हे : कृष्णवर्णीयांसाठी बांधलेल्या घरांची किंमत त्याहून कितीतरी अधिक असते. घर बदलण्याच्या दिवशी लिंडनर नावाचे गृहस्थ येतात. ते त्या वस्तीच्या सुधारणा मंडळाचे प्रतिनिधी. अत्यंत मृदू, काहीसे संकोची. परस्परांना समजून घेतले पाहिजे, असे ते म्हणतात. ह्यात वंशाविषयीच्या पूर्वग्रहाचा काही संबंध नाही, असेही आवर्जून सांगतात. आणि मग घर परत विकत घेण्यासाठी नफ्यासह रक्कम देऊ करतात. लिंडनर खोटे बोलतात असे समजून हा प्रवेश केला तर तो फसतो. ते खरे बोलतात असे समजून केला तरच तो उभा राहतो.

ह्या प्रवेशामागे हॅन्सबरी कुटुंबाचा इतिहास आहे. लेखिकेच्या वडिलांनी १९३७ साली निर्बंध-करार असलेल्या वस्तीत घर घेतले. घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली. लोरेन तेव्हा सात वर्षांची होती. शेजाऱ्यांनी दावा लावला, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागला १९४० साली, म्हणजे ‘नेटिव्ह सन’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी. करार लागू होण्यास ९५ टक्के मालकांच्या सह्या आवश्यक होत्या. प्रत्यक्षात त्या सुमारे ५४ टक्केच होत्या. तरीही आधीच्या एका खटल्यात ९५ टक्के सह्या झाल्याचे उभय पक्षांनी मान्य केले होते आणि ती मान्यताच पुढे सत्य म्हणून चालत आली होती. जवळजवळ निम्म्या मालकांनी सही केलेली नव्हती, आणि निर्बंध मात्र सर्वांच्या नावे अमलात होता. तो आधीचा निवाडा हॅन्सबरींवर बंधनकारक नाही, एवढेच सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. असे करार मुळात वैध की अवैध, ह्याला त्याने हात लावला नाही. न्यायालये त्यांची अंमलबजावणी करू शकत नाहीत, हे ठरावयास १९४८ साल उजाडले. आणि घरांच्या विक्रीत व भाड्यात असा भेद करण्यास कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. आश्चर्य असे, की लेखिकेने लहानपणी पाहिलेला जमाव रंगमंचावर आणला नाही. तिने लिंडनरला आणले. नाटकाला जमाव अधिक मानवला असता; प्रेक्षकांनाही. जमावाचा निषेध करून प्रेक्षक घरी गेले असते.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सारे काही व्यवस्थेचे आहे असे म्हटले तर डाल्टन आणि लिंडनर निर्दोष ठरतात काय? तसे मला वाटत नाही. उलट, दोष भावनेवर ठेवला तरच ते सुटतात, कारण भावना त्यांच्यापाशी नाही. दोष घेतलेल्या भाड्यावर आणि वाहिलेल्या निरोपावर ठेवला तर ते सुटत नाहीत. १९७० नंतर अमेरिकेत, पूर्वग्रह अधिक सत्ता म्हणजे वंशवाद, असे एक समीकरण प्रचलित झाले. बिगरच्या मनातही गोऱ्यांविषयी अंध द्वेष आहे. पण त्याच्या द्वेषामुळे कोणाचे भाडे वाढत नाही, हे त्या समीकरणाने चटकन दाखविता येते. तेवढ्यापुरते ते उपयुक्त आहे. परंतु त्यात पूर्वग्रह हा घटक अनिवार्य मानला आहे, आणि डाल्टनच्या बाबतीत नेमका तोच अनुपस्थित आहे. म्हणून समीक्षेत ते जपून वापरावे.

हा सारा विचार मराठीला परका नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव तिकडच्याच संघटनेवरून घेतले. मात्र जात म्हणजे वंश नव्हे. अस्पृश्यतेचा उगम वंशभेदात आहे हे मत डॉ. आंबेडकरांनी १९४८ सालच्या आपल्या ग्रंथात सप्रमाण खोडून काढले आहे. २००१ च्या डर्बन परिषदेच्या वेळी हा वाद नव्याने पेटला तेव्हा दोन्ही बाजूंनी हे विसरले गेले, असे वाटते. समानता वंश आणि जात ह्यांत शोधू नये. मन आणि व्यवस्था ह्यांच्यातील संबंधात शोधावी. १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील न दिलेल्या भाषणात आंबेडकर एका बाजूने जात ही मनाची अवस्था आहे असे म्हणतात, आणि लगेच, जात पाळणारी माणसे दुष्ट म्हणून ती पाळीत नाहीत, धार्मिक म्हणून पाळतात, असेही सांगतात. दोष पाळणाऱ्याच्या स्वभावात नाही, त्याला ते शिकविणाऱ्या शास्त्रात आहे. अस्पृश्यतेविषयीची आपली शब्दसंपदाही हेच सांगते. ‘शिवाशिव’, ‘विटाळ’, ‘सोवळे’ ह्यांत द्वेष कोठेच नाही. आहे तो नियम, आणि तो मोडला तर करावयाचे प्रायश्चित्त.

ह्या पार्श्वभूमीवर बाबूराव बागूल ह्यांची १९६३ साली प्रसिद्ध झालेली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा राइट आणि हॅन्सबरी ह्यांच्या शेजारी ठेवून वाचावी. तिच्यातही परक्या गावी नोकरीस आलेला एक तरुण राहावयास जागा शोधतो. जात लपविल्यामुळे त्याला मान मिळतो, स्नेहही मिळतो. जात कळताच, ज्यांनी त्याला आदराने वागविले तेच त्याला मारतात. त्या स्नेहाला ढोंग म्हणता येणार नाही. तो खराच होता. आणि शेवटी निवेदक म्हणतो ते असे, की मला ह्या माणसांनी मारले नाही, मनूने मारले. राइटला जे सांगण्यासाठी चौकशीचा प्रसंग योजावा लागला, ते बागूल एका नावात सांगतात. मराठी लेखकाला हे नाव हाताशी होते, कारण २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या नावाचा ग्रंथ जाहीरपणे जाळला गेला होता आणि तेव्हापासून व्यवस्थेला एक चेहरा मिळाला होता. अमेरिकन लेखकापाशी असा एक ग्रंथ नव्हता. तिकडची व्यवस्था खरेदीखतांत, नकाशांत आणि बँकांच्या वह्यांत विखुरलेली होती.

मनूचे नाव पुरते तेवढी एक उणीवही मागे ठेवते. खोली नाकारणारा आजचा घरमालक किंवा गृहनिर्माण संस्था मनूचा हवाला देत नाही. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, सभासदत्व आपल्या समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरविला. तेथे प्रश्न वंशाचा नव्हता, जातीचाही नव्हता, आणि त्या संस्थेच्या सभासदांच्या मनाविषयी येथे काहीही सुचवावयाचे नाही. परंतु कागद त्याच जातीचा आहे. बागूलांच्या निवेदकाने शोधलेली खोली, बिगरची खोली आणि यंगर कुटुंबाचे घर ही एका अभ्यासक्रमात आणावयाची असतील, तर ह्या तीन कृतींबरोबर १९४० आणि २००५ चे हे दोन निवाडेही विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे लागतील.